आधी खेळाडू, मग परीक्षक: कॅज्युअल सिम्युलेशन गेम खेळण्याची आणि तपासण्याची पद्धत

शेती करणे, शहर वसवणे, दुकान चालवणे, मालट्रक हाकणे किंवा एखाद्या घरातल्या माणसांचा दिनक्रम सांभाळणे अशा निवांत विषयांवरचे संगणकीय गेम (कॅज्युअल सिम्युलेशन गेम) आता पूर्ण होण्याआधीच, म्हणजे डेमो, बीटा किंवा ‘अर्ली ॲक्सेस’ या अवस्थेत, खेळाडूंच्या हाती येतात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेसची सोय सुरू केल्यापासून अर्धवट बांधलेला गेम विकत घेऊन त्याच्या घडणीत सहभागी होणे सर्वसामान्य खेळाडूलाही शक्य झाले आहे. अशा गेमचा मनापासून आनंद घ्यायचा आणि तो बनवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल अशी तपासणीही करायची असेल, तर या दोन कामांचा क्रम आधी ठरवून घ्यावा लागतो. गेमविषयी आपल्याला काहीच माहीत नसण्याची अवस्था फक्त एकदाच मिळते. बनवणाऱ्यांकडे ती उरलेली नसते आणि पैसे देऊनही त्यांना ती परत मिळत नाही. म्हणून नवख्या टेस्टरची, म्हणजे गेम तपासणाऱ्याची, सर्वांत मौल्यवान गोष्ट त्याचे तांत्रिक ज्ञान नसून त्याचा अनभिज्ञपणा आहे, आणि पुढील सर्व पायऱ्यांचा क्रम हा अनभिज्ञपणा वाया जाऊ नये या हेतूने लावलेला आहे.

या प्रकारच्या गेमची तपासणी इतरांपेक्षा वेगळी का, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. गेम-रचनाकार विल राइट १९८४ च्या ‘रेड ऑन बंजलिंग बे’ या हेलिकॉप्टरने बॉम्बफेक करण्याच्या गेमवर काम करत असताना, शत्रूची बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा नकाशा तयार करण्याच्या साधनाने ती बेटे रचणे त्यांना अधिक रंजक वाटले, आणि त्यातूनच पुढे १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा गेम आला. त्यात जिंकण्याची ठरावीक अट नव्हती, आणि आजही या जातीच्या बहुतेक गेममध्ये ती नसते. लढाईच्या गेममध्ये गोळी भिंतीतून आरपार गेली तर दोष त्याच क्षणी डोळ्यांसमोर येतो. सिम्युलेशनमध्ये मात्र दोष आकडेमोडीत दडलेला असतो. पहिल्या हंगामात चुकलेला एक हिशेब तिसऱ्या वर्षी शहराची तिजोरी रिकामी करतो, आणि तोवर कारण कोठे घडले हे खेळाडूच्या लक्षातही राहिलेले नसते.

पहिली पायरी: गेम उघडण्यापूर्वीची तयारी

तयारीला फार वेळ लागत नाही, पण ती नंतर करता येत नाही. प्रथम गेमच्या आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा. तो बहुधा मुख्य मेनूच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो. त्यानंतर आपल्या संगणकाची माहिती साठवावी. विंडोजमध्ये ‘रन’च्या चौकटीत डीएक्सडायग ही आज्ञा दिली की प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि मेमरी यांची माहिती एकत्र दिसते आणि ती मजकुराच्या फाइलमध्ये साठवताही येते.

नंतर सेव्ह फाइल, म्हणजे खेळाची प्रगती साठवणाऱ्या फाइल, कोठे तयार होतात ते शोधावे. विंडोजवर बहुतेक गेम त्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये किंवा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवतात. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर (इंजिनावर) बनलेल्या गेमची लॉग फाइल ‘ॲपडेटा’मधील ‘लोकललो’ या फोल्डरात, निर्मात्याच्या आणि गेमच्या नावाखाली सापडते. गेम अचानक बंद पडला, तर त्या क्षणापूर्वी काय घडले याची नोंद याच फाइलमध्ये असते. गेम पुन्हा सुरू केला की ही नोंद नव्याने लिहिली जाण्याची शक्यता असते, म्हणून क्रॅश झाल्यावर घाईने गेम पुन्हा उघडण्याआधी लॉग फाइलची प्रत काढून घ्यावी. अनेक चांगले अहवाल केवळ एवढ्याशा कारणाने निरुपयोगी ठरतात.

स्क्रीन रेकॉर्डिंगची व्यवस्था सुरुवातीलाच करावी. विंडोजमधील गेम बारमध्ये पार्श्वभूमीवरचे रेकॉर्डिंग चालू केलेले असेल, तर विंडोज, ऑल्ट आणि जी या कळा एकत्र दाबून नुकतीच होऊन गेलेली घटना साठवता येते. सिम्युलेशनमध्ये ही सोय विशेष उपयोगाची ठरते, कारण येथे दोष पूर्वसूचना देऊन येत नाहीत. क्लाउडवर सेव्ह ठेवण्याची सोय तपासणीच्या काळात बंद ठेवावी, अन्यथा आपण मुद्दाम बिघडवलेली फाइल चांगल्या फाइलवर जाऊन बसण्याचा धोका राहतो. चाचणी बंदिस्त स्वरूपाची असेल आणि आपण गोपनीयतेच्या अटी मान्य केल्या असतील, तर चित्रफिती व स्क्रीनशॉट कोणालाही पाठवण्यापूर्वी त्या अटी नीट वाचाव्यात.

दुसरी पायरी: पहिली बैठक केवळ खेळाडू म्हणून

पहिल्या बैठकीत दोष शोधायचे नाहीत. मार्गदर्शक चित्रफिती पाहायच्या नाहीत, इतरांचे अभिप्राय वाचायचे नाहीत आणि सेटिंगमध्येही आवाज व भाषा यांपलीकडे काही बदलायचे नाही. रेकॉर्डिंग चालू ठेवून गेम जसा समोर येईल तसा खेळावा आणि हाताशी असलेल्या कागदावर वेळेसह अगदी त्रोटक नोंदी कराव्यात. आपण कोठे थबकलो, त्या वेळी आपली अपेक्षा काय होती आणि प्रत्यक्षात काय घडले, एवढेच लिहिले तरी पुरे. ‘विहीर कोठे आहे ते कळले नाही’ या नोंदीपेक्षा ‘पाणी संपल्यावर मी आधी घराच्या दाराशी गेलो, नंतर नदीच्या काठी क्लिक केले, मग मेनू उघडला’ ही नोंद कितीतरी अधिक उपयोगी असते. ट्युटोरियल (गेममधील सुरुवातीचे धडे) ज्याने लिहिले, त्याला खेळाडूची चुकलेली वाट कधीच दिसत नाही. ती केवळ आपणच दाखवू शकतो.

आनंदाच्या नोंदीही तितक्याच काटेकोरपणे कराव्यात. कोणत्या क्षणी आपण स्वतःहून काहीतरी ठरवले, कोणती वस्तू घेण्यासाठी पैसे साठवावेसे वाटले, आणि ‘आणखी एकच दिवस खेळू’ असे नेमके कशामुळे वाटले, हे टिपून ठेवावे. निवांत गेमची खरी कसोटी याच ठिकाणी असते. या बाबतीत स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. एरिक बॅरोन यांनी सुमारे साडेचार वर्षे एकट्याने काम करून २०१६ मध्ये प्रकाशित केलेल्या या गेममध्ये दिवस सकाळी ६ वाजता सुरू होतो आणि रात्री २ वाजता सक्तीने संपतो. एकट्याने खेळताना गेममधील १० मिनिटे साधारणपणे खऱ्या ७ सेकंदांत जातात, म्हणजे पूर्ण दिवस सुमारे १४ मिनिटांचा होतो. खेळ सेव्ह होतो तो पात्र झोपल्यावरच. त्यामुळे उठण्याची योग्य जागा दर १४ मिनिटांनी येते, पण त्याच वेळी नवी सकाळ उजाडलेली असते, पिकांना पाणी घालायचे असते आणि खेळाडू उठत नाही. आपण तपासत असलेल्या गेममध्ये असा ठेका आहे का, तो किती मिनिटांचा आहे, आणि मध्येच उठावे लागले तर किती काम वाया जाते, हे पहिल्याच बैठकीत जाणवते.

कंटाळा आला, तर तोही प्रामाणिकपणे लिहावा. कंटाळा ही तक्रार नसून मोजमाप आहे. मात्र ‘मध्यंतरी रटाळ वाटले’ एवढे न लिहिता, त्या वेळी आपल्याजवळ किती पैसे होते, पुढची पायरी उघडण्यास किती हवे होते आणि दरम्यान करण्यासारखे काय काय उपलब्ध होते, हे लिहावे.

तिसरी पायरी: गेमचे घड्याळ आणि जमाखर्च समजून घेणे

दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीपासून परीक्षकाची नजर हळूहळू आणावी आणि तिची सुरुवात मोडतोडीने न करता हिशेबाने करावी. प्रत्येक सिम्युलेशन गेममध्ये काही ठिकाणांहून पैसा, माल किंवा ऊर्जा येते आणि काही ठिकाणी ती खर्च होते. कागदावर दोन रकाने करून आवक व जावक यांच्या सर्व वाटा लिहून काढल्या, की गेमचा सांगाडा दिसू लागतो. आवक वाढत असताना जावकेच्या वाटा आटल्या, तर पैशाला किंमत उरत नाही आणि उत्तरार्धात खेळ निर्जीव होतो. उलट झाले, तर नवखा खेळाडू पहिल्याच हंगामात अडकतो.

हा हिशेब कसा करायचा ते एका छोट्या उदाहरणात पाहू. स्टारड्यू व्हॅलीत पार्सनिपचे (गाजरासारख्या कंदाचे) बी २० नाण्यांना मिळते, पीक ४ दिवसांत येते आणि साध्या प्रतीचे ३५ नाण्यांना विकले जाते. बटाट्याचे बी ५० नाण्यांना मिळते, पीक ६ दिवसांत येते आणि ८० नाण्यांना विकले जाते. म्हणजे पार्सनिपमध्ये १५ नाणी फायदा, दिवसाला पावणेचार. बटाट्यात ३० नाणी फायदा, दिवसाला ५. एवढ्यावर बटाटा सरस ठरतो. पण गुंतवलेल्या रकमेच्या प्रमाणात पाहिले, तर पार्सनिप ४ दिवसांत ७५ टक्के परतावा देते आणि बटाटा ६ दिवसांत ६० टक्के. सुरुवातीला पैसा कमी आणि जमीन भरपूर असते, तेव्हा पार्सनिप योग्य ठरते. नंतर पैसा साठतो, पण पाणी घालण्याची ताकद आणि वेळ अपुरा पडतो, तेव्हा प्रत्येक वाफ्यामागे अधिक मिळवून देणारा बटाटा पुढे जातो. बटाट्याच्या रोपाला कधीकधी एकाहून अधिक बटाटे लागतात, हा लाभ वेगळाच. एकाच आकडेवारीतून परिस्थितीनुसार दोन वेगळी उत्तरे निघणे, हे चांगल्या समतोलाचे लक्षण आहे.

आपल्या हातातील गेमसाठी असाच तक्ता तयार करावा. सर्व परिस्थितींत एकच पर्याय सर्वांत फायद्याचा निघाला, तर बाकीचे पर्याय केवळ शोभेचे ठरतात आणि हे निर्मात्यांना आकड्यांसह कळवण्याजोगे असते. याच तक्त्यातून पळवाटाही सापडतात. एखादी वस्तू विकत घेऊन, तिच्यावर किरकोळ प्रक्रिया करून, त्याच दुकानात चढ्या भावाने अमर्याद विकता येत असेल, तर पैशाचे यंत्रच हाती लागते. कच्च्या मालाच्या सवलतीच्या दिवशी ही तपासणी आवर्जून करावी, कारण किमती ठरवणाऱ्याने नेहमीचे भाव पाहिलेले असतात आणि सवलतीची टक्केवारी बहुधा नंतर जोडली जाते.

दोन सेव्ह, दोन मनःस्थिती

येथून पुढे आनंदासाठी एक आणि तपासणीसाठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र सेव्ह ठेवाव्यात. ही सूचना तांत्रिक कमी आणि मानसिक अधिक आहे. मायेने सजवलेल्या शेतावर किंवा शहरावर कोणीही मनापासून आघात करत नाही, आणि मोडतोडीसाठी उघडलेल्या जगात कोणी रमतही नाही. आनंदाच्या सेव्हमध्ये स्वतःची उद्दिष्टे ठरवावीत: एकही झाड न तोडता गाव वसवणे, केवळ फुलांवर उदरनिर्वाह करणे, कर्ज न काढता वर्ष पार पाडणे. अशा स्वेच्छेने घेतलेल्या बंधनांमुळे गेमचे न चाचपलेले कोपरे आपोआप उजेडात येतात. सर्वच खेळाडू फायद्याच्या सरळ वाटेने जात असल्याने त्या वाटेवरचे दोष लवकर सापडतात, पण आडवाटेचे तसेच राहतात. एकाच दिवशी दोन्ही प्रकार करायचे असतील, तर तपासणी आधी आणि खेळ नंतर, असा क्रम ठेवावा. थकलेल्या डोळ्यांनी केलेली तपासणी फुकट जाते, थकलेल्या डोळ्यांनी खेळलेला खेळ मात्र गोडच लागतो.

चौथी पायरी: गेमला जाणूनबुजून अडचणीत आणणे

या पायरीवर एकच नियम कसोशीने पाळावा, तो म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. खिडकीचा आकार, खेळाचा वेग आणि भाषा हे सर्व एकदम बदलले आणि काही बिघडले, तर कारण हाती लागत नाही.

सर्वप्रथम सीमेवरची मूल्ये घ्यावीत. खिशात शून्य पैसे असताना खरेदी करून पाहावी, वस्तूच्या किमतीइतकेच पैसे असताना आणि एक नाणे कमी असताना करून पाहावी. थैली पूर्ण भरलेली असताना बक्षीस मिळाले, तर ते कोठे जाते? हंगामाच्या शेवटच्या दिवशी पेरलेले बी, वर्ष बदलतानाचा सण, नकाशाच्या अगदी कडेला बांधलेली इमारत, हे सर्व याच गटात येते. वरच्या टोकाकडेही लक्ष द्यावे. गेममध्ये आकडे साठवण्यासाठी अनेकदा वापरल्या जाणाऱ्या ३२ बिटच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही मावणाऱ्या) पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ यापेक्षा मोठी संख्या मावत नाही, आणि निर्मात्याने काळजी घेतली नसेल, तर तिच्यात एक मिळवताच ती थेट उणे होते. अब्जाधीश झालेला खेळाडू एका विक्रीने कर्जबाजारी होतो तो असा.

त्यानंतर वेळेकडे वळावे, कारण या जातीच्या गेममधील सर्वांत फसवे दोष येथेच असतात. दर सेकंदाला ६० फ्रेम (एकेक स्थिर चित्र) दाखवणाऱ्या स्क्रीनवर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. एखाद्या गणनेची गती खऱ्या वेळेला न बांधता चुकून फ्रेमच्या संख्येला बांधलेली असेल, तर १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या, स्क्रीनवर तीच प्रक्रिया २.४ पट वेगाने चालते. हे पकडण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ३० करावी, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत पात्राला चालवावे आणि लागलेला वेळ घड्याळाने मोजावा. मग मर्यादा ६० करून तेच करावे. दोन्ही वेळा सारख्याच यायला हव्यात. चालणे बरोबर निघाले म्हणून थांबू नये. भट्टीत माल तयार होण्याचा वेळ, भूक वाढण्याचा वेग, ग्राहकांचा संयम संपण्याचा काळ यांचीही अशीच मोजणी करावी, कारण हे भाग अनेकदा वेगवेगळ्या व्यक्तींनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेले असतात. वेग वाढवण्याचे बटण असेल, तर एकाच सेव्हपासून सुरू करून एकदा साध्या वेगाने आणि एकदा तिप्पट वेगाने दहा दिवस जाऊ द्यावेत आणि शेवटी शिल्लक, साठा व लोकसंख्या ताडून पाहावी. नशिबाच्या घटकामुळे थोडा फरक पडू शकतो, पण तिप्पट वेगात कामगार नेहमीच कमी काम करत असतील, तर ते नशीब नव्हे.

नशिबाचा विषय निघालाच आहे, तर एका गैरसमजाची दखल घ्यायला हवी. ‘१० टक्के शक्यता लिहिली आहे आणि २० वेळा प्रयत्न करूनही वस्तू मिळाली नाही, म्हणजे बग (दोष) आहे’ अशा तक्रारी निर्मात्यांकडे सतत येतात. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र असेल, तर सलग २० वेळा अपयश येण्याची शक्यता ०.९ चा २० वा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के असते. दर आठ-नऊ खेळाडूंपैकी एकाच्या वाट्याला ते येणारच. सलग ४४ अपयशे आली, तर मात्र ही शक्यता १ टक्क्याच्या खाली जाते आणि तेव्हा शंका घेणे रास्त ठरते. तरीही केवळ आपल्याच अनुभवावर न थांबता नव्या सेव्हमध्ये पुन्हा मोजणी करावी.

सेव्ह आणि लोड यांची तपासणी कंटाळवाणी असली तरी अनिवार्य आहे, कारण खेळाडू इतर सर्व काही माफ करतो, पण हरवलेले शेत माफ करत नाही. सेव्ह करण्यापूर्वी दहा-बारा गोष्टी लिहून घ्याव्यात: शिल्लक, तारीख, हवामान, अर्धवट शिजणारा माल, प्रवासात असलेला ट्रक, रुसलेले पात्र, सुरू असलेले संभाषण. गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि यादी ताडावी. स्थिर वस्तू बहुधा जशाच्या तशा परत येतात. चुकते ते चालू अवस्थेतले काम. मोजणी मध्येच थांबलेली भट्टी पुन्हा शून्यापासून सुरू होते किंवा तत्काळ पूर्ण होते, आणि दुसऱ्या प्रकारात खेळाडूला फुकटचा माल मिळवण्याची युक्ती सापडते.

येथेच देवनागरीची कसोटीही लावावी, आणि हे काम आपल्यासारख्या भाषकांनी केले नाही तर दुसरे कोणी करणार नाही. पात्राचे नाव ‘ज्ञानेश्वरी’ किंवा ‘कृष्णा’ असे लिहावे. जोडाक्षरे तुटतात का, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते का, अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात का, नावाची मर्यादा अक्षरांवर मोजली जाते की काना-मात्रांवर, हे पाहावे. शक्य असल्यास संगणकावर देवनागरी नावाचे खाते उघडून त्यातून गेम चालवावा. सेव्हच्या मार्गात खात्याचे नाव येत असेल आणि गेमने रोमन अक्षरांखेरीज दुसऱ्या लिपीचा विचारच केलेला नसेल, तर फाइल तयारच होत नाही, आणि काही गेम त्याविषयी चकार शब्दही काढत नाहीत.

व्यत्ययांची तपासणी झटपट होते. खेळ चालू असताना दुसऱ्या खिडकीत जाणे, कंट्रोलरची वायर काढणे, लॅपटॉप झाकणे आणि उघडणे, स्क्रीनचे रिझोल्यूशन बदलणे, हे प्रकार मेनू उघडा असताना, संवाद चालू असताना आणि दिवस बदलत असताना करून पाहिले म्हणजे पुरे. त्याचप्रमाणे कृतींचा क्रम उलटा करावा. कामगार आत असताना इमारत पाडावी, ग्राहक रांगेत असताना दुकान बंद करावे, दाराशी खुर्ची ठेवून वाट अडवावी.

अशा उद्योगांतून विचित्र गोष्टी घडतात, पण प्रत्येक विचित्र गोष्ट दोष नसते. २००० साली आलेल्या ‘द सिम्स’ या घरातल्या माणसांचा दिनक्रम सांभाळण्याच्या गेममध्ये तलावाची शिडी काढून टाकली, की पोहणाऱ्या सिमला (गेममधील माणसाला) बाहेर येता येत नसे, आणि ही गोष्ट खेळाडूंमध्ये कुप्रसिद्ध झाली. गेमच्या नियमांतूनच ते घडत होते. म्हणून निर्णय करताना आपल्याला ते पटते का असे विचारण्याऐवजी, गेमने स्वतः सांगितलेल्या नियमांशी ते विसंगत आहे का, असे विचारावे. विसंगत असेल, तर तो दोष. सुसंगत पण त्रासदायक असेल, तर ते मत. दोन्ही कळवावे, पण वेगवेगळ्या शीर्षकांखाली.

शेवटी दीर्घ चाचणी करावी. गेम काही तास चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये त्याने व्यापलेली मेमरी ठरावीक अंतराने लिहावी. नवे काही बांधले जात नसतानाही ती चढतच राहिली, तर मेमरीची गळती, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी न होण्याचा दोष, असण्याचा संभव आहे. उत्तरार्धाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पहिला तास प्रत्येक टेस्टर खेळतो आणि पन्नासावा तास क्वचितच कोणी खेळतो. शहर वाढले, वाहने व माणसे वाढली, की वाटा शोधण्याची गणना प्रोसेसरवर भार टाकते आणि तेव्हाच गेमचा खरा कस लागतो. निर्मात्यांकडे पुढच्या टप्प्यातील तयार सेव्ह मागून पाहावी. अनेकजण ती आनंदाने देतात.

पाचवी पायरी: दोष पुन्हा घडवून आणणे

एकदा दिसलेला दोष ही केवळ हकिकत असते. तो हुकमी घडवता आला की त्याला पुराव्याचे मोल येते. समजा, एका शेतीच्या गेममध्ये सकाळी उठल्यावर शिल्लक अपेक्षेपेक्षा जास्त दिसली. रेकॉर्डिंग पाहिल्यावर कळते की आदल्या रात्री विक्रीपेटीत (टाकलेला माल दिवस संपताना विकणाऱ्या पेटीत) भोपळे टाकले होते आणि ते पैसे मिळूनही भोपळे थैलीत शिल्लक आहेत. आता शक्यता एकेक करून वगळायच्या. भोपळ्यांऐवजी मासे टाकले तरी तेच घडते, म्हणजे मालाचा संबंध नाही. पाऊस नसतानाही घडते, म्हणजे हवामानाचा नाही. पात्राला अंथरुणावर नेऊन झोपवले तर घडत नाही. दिवसाची मुदत संपून ते जागीच कोसळले, तरच घडते. त्यातही पेटी बंद असेल तर नाही, पेटीची खिडकी उघडी असताना मुदत संपली तरच. एवढे कळल्यावर निर्मात्याला कोठे पाहायचे हे सांगावेही लागत नाही: दिवस बदलताना उघड्या खिडक्या बंद होण्याआधीच विक्री नोंदली जाते, आणि नंतर खिडकी बंद होताना माल थैलीत परत येतो.

सहावी पायरी: अहवाल लिहिणे

वरील दोषाचा अहवाल पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

> शीर्षक: विक्रीपेटी उघडी असताना दिवसाची मुदत संपल्यास पैसे मिळतात आणि मालही थैलीत परत येतो.
> आवृत्ती व यंत्रणा: मुख्य मेनूवरील क्रमांक, विंडोज ११, डीएक्सडायगची फाइल सोबत.
> कृती: सोबतची सेव्ह उघडावी. थैलीतील भोपळे विक्रीपेटीत टाकावेत. पेटीची खिडकी बंद न करता दिवस आपोआप संपू द्यावा.
> अपेक्षित: पैसे जमा व्हावेत, भोपळे थैलीत नसावेत.
> प्रत्यक्ष: पैसे जमा होतात आणि सर्व भोपळे थैलीत दिसतात.
> वारंवारता: पाचपैकी पाच वेळा. खिडकी बंद केल्यास किंवा अंथरुणावर झोपल्यास पाचपैकी एकदाही नाही.
> सोबत: सेव्ह फाइल, चित्रफीत, लॉग.

एका अहवालात एकच दोष असावा. शीर्षक असे असावे की केवळ तेवढे वाचूनही काय बिघडले ते कळेल. ‘पैशांचा मोठा बग, तातडीने पाहा’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. दोषाची तीव्रता आणि त्याची निकड या वेगळ्या बाबी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. मुख्य मेनूवर गेमच्या नावातच शुद्धलेखनाची चूक असेल, तर ती कोणाचे नुकसान करत नाही, पण दुरुस्त मात्र पहिल्यांदा करावी लागते. तीव्रता आपण सांगावी, निकड निर्मात्यांना ठरवू द्यावी. अहवाल पाठवण्यापूर्वी आधीच्या अहवालांत तोच दोष आहे का ते शोधावे, आणि असल्यास नवा न लिहिता त्यात आपली वेगळी माहिती जोडावी. भाषा सौम्य असावी, पण भिडस्त नसावी. ‘कदाचित माझीच चूक असेल’ अशी प्रस्तावना दोषाचे वजन विनाकारण कमी करते.

पहिल्या बैठकीच्या नोंदी याच वेळी, स्वतंत्र टिपणाच्या रूपात पाठवाव्यात. त्यांची भाषा शक्यतो बदलू नये. आता आपल्याला विहीर कोठे आहे ते माहीत असल्यामुळे ‘तसे सोपेच होते’ असे वाटू लागते, आणि नोंदींना मुरड घालण्याचा मोह होतो.

सातवी पायरी: दुरुस्तीनंतरची फेरतपासणी

नवी आवृत्ती आल्यावर प्रथम बदलांची यादी वाचावी आणि अहवालात लिहिलेल्या त्याच कृती, त्याच क्रमाने करून पाहाव्यात. दोष गेलेला दिसला, तर आजूबाजूचा परिसर चाचपावा. विक्रीपेटीची दुरुस्ती झाली असेल, तर दिवस संपताना उघडी राहू शकणारी प्रत्येक खिडकी तपासावी: कपाट, दुकान, भेटवस्तूंचा मेनू, मासेमारी. एका ठिकाणचा क्रम बदलल्याने दुसऱ्या ठिकाणी माल नाहीसा होऊ लागणे ही नेहमीची बाब आहे, आणि दुप्पट होणाऱ्या मालापेक्षा नाहीसा होणारा माल खेळाडूला जास्त झोंबतो.

ही फेरतपासणी नव्या सेव्हमध्ये तर करावीच, पण दोष घडून गेलेल्या जुन्या सेव्हमध्येही करावी. दुरुस्तीमुळे पुढचे बिघाड टळतात. आधीच बिघडलेली फाइल त्यामुळे सुधारतेच असे नाही. जुन्या सेव्हमध्ये अडकलेले पात्र, उणे झालेली शिल्लक किंवा कधीच पूर्ण न होणारे काम तसेच राहिले असेल, तर तो स्वतंत्र दोष समजून, जुन्या अहवालाचा उल्लेख करून आणि ती फाइल जोडून नव्याने कळवावा.